‘प्रामाणिक’ या शब्दातले प्रमाण

लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’ची एक जुनी, शिवण उसवलेली प्रत माझ्याकडे आहे. ती वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका निवृत्त ख्रिस्ती शिक्षकांची. ते गेल्यानंतर त्यांच्या मुलाने पुस्तकांची दोन खोकी माझ्या दारात आणून ठेवली, त्यात ती निघाली. सरांना पुस्तकात खुणा करण्याची सवय नव्हती. साडेआठशे पानांच्या त्या ग्रंथात पेन्सिलीची खूण एकाच ठिकाणी आहे. दुसऱ्या प्रकरणात, ‘कर्मजिज्ञासे’त, समासात दोन शब्द: ‘पुढचे वाक्य?’

हा लेख त्या दोन शब्दांमुळे लिहितो आहे.

‘गीतारहस्य’ टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लिहिले आणि ते 1915 साली छापून आले. पहिली प्रकरणे चाळून थेट भक्तिमार्गाकडे वळणारे वाचक मी पुष्कळ पाहिले आहेत. पण मला स्वतःला या ग्रंथातले सर्वांत जिवंत प्रकरण दुसरेच वाटते. तिथे टिळक भाष्यकार नसतात, भांडणारे असतात. अर्जुनाला पडलेला पेच जगात एकट्याचा नाही हे दाखवण्यासाठी ते शेक्सपिअरचे हॅम्लेट आणि कोरिओलेनस बोलावतात आणि मग एकेक सद्गुण घेऊन विचारतात की याला अपवाद आहे की नाही. अहिंसा झाली की सत्य येते.

सत्याच्या बाबतीत त्यांचा मुख्य आधार महाभारताचा. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट सांगतो. कौशिकाने खरेच बोलायचे व्रत घेतले होते. लुटारूंच्या भयाने काही माणसे त्याच्यासमोरून रानात पळाली. लुटारूंनी विचारले, कौशिकाने खरे सांगितले, माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. तेव्हा अशा वेळी गप्प राहावे, गप्प राहणे शक्य नसेल तर खोटे बोलावे. या निर्णयाला टिळक सिज्विक, लेस्ली स्टीफन वगैरे इंग्रज नीतिपंडितांची साक्ष काढतात. तुम्ही आम्हाला खोटारडे म्हणता, पण तुमचे पंडितही मुलांशी, आजाऱ्यांशी, वेड्यांशी, चोरांशी खोटे बोलायला मोकळीक देतातच की, असा त्यांचा रोख आहे. मेकॉलेने सबंध बंगाली समाजाला लबाड ठरवल्याला तेव्हा पाऊणशे वर्षे झाली होती आणि तो डाग सगळ्या हिंदुस्थानावर पसरला होता. टिळकांच्या वाक्यांतली धार तिथून येते. ती मला समजते.

आणि टिळक सैल नाहीत, हेही सांगितले पाहिजे. अपवाद मान्य केला तरी खोट्याची किंमत चुकवावी लागते, हा आपल्याकडचा विशेष ते आवर्जून दाखवतात. द्रोणवधाच्या वेळी अश्वत्थाम्याबद्दल अर्धे मोठ्याने आणि अर्धे पुटपुटत बोललेल्या धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला आणि पुढे नरकदर्शनही चुकले नाही. मनुस्मृतीत कुणाचा जीव वाचवण्यासाठी खोटी साक्ष दिली तर सरस्वतीला आहुती देऊन प्रायश्चित्त घ्यायला सांगितले आहे. म्हणजे खोटे क्षम्य ठरले तरी ते खोटेच राहते. वाग्देवतेचे देणे लागते. ही कल्पना मला फार सुंदर वाटते, आणि पुढे तिचे काम आहे.

सरांची पेन्सिल जिथे थांबली ती जागा याच ओघातली. ख्रिस्ती धर्मातही सत्याला अपवाद मानले आहेत हे दाखवताना टिळक बायबलातले संत पॉलचे वचन देतात: रोमकरांस पत्र, अध्याय तिसरा, वचन सातवे. माझ्या असत्याने देवाच्या सत्याचा महिमा वाढत असेल तर मला पापी का ठरवावे, असा त्या वचनाचा आशय. त्याला जोडून मिलमन या इतिहासकाराचा हवाला येतो की प्राचीन ख्रिस्ती उपदेशक बऱ्याचदा याच तत्त्वाने वागले.

पुढचे वाक्य, म्हणजे आठवे वचन, टिळकांनी घेतलेले नाही. पॉलची लिहिण्याची रीत अशी की तो एका काल्पनिक प्रतिपक्ष्याला समोर उभे करतो, त्याची शंका त्याच्याच तोंडून वदवतो आणि मग तिचा समाचार घेतो. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडतात तसेच हे. सातवे वचन हा पूर्वपक्ष आहे. आठव्यात पॉल म्हणतो की चांगले निष्पन्न व्हावे म्हणून वाईट करावे असे आम्ही शिकवतो अशी काही लोक आमची निंदा करतात, आणि अशांना होणारी शिक्षा योग्यच आहे. म्हणजे जे मत पॉल आपल्यावरचा खोटा आळ म्हणून झटकून टाकतो, तेच टिळकांच्या पानावर त्याचे मत म्हणून उभे आहे.

इथे दोन्ही बाजू पाहायला हव्यात. धर्मासाठी रचलेली खोटी पत्रे, खोट्या संतकथा हे प्रकार ख्रिस्ती इतिहासात झाले आणि ख्रिस्ती इतिहासकारांनीच ते उघडे केले. तेव्हा मिलमनचा हवाला पोकळ नाही. पण त्याच परंपरेत संत ऑगस्टिनही आहे. खोटे बोलण्यावर त्याने दोन स्वतंत्र पुस्तके लिहिली आणि दुसऱ्यात तर पाखंडी पकडण्यासाठीसुद्धा खोटे बोलू नये असे बजावले. टिळकांना परंपरेतले मतभेद दाखवायचे असते तर सामग्री भरपूर होती. त्यांनी मात्र पूर्वपक्षालाच सिद्धान्त केले. मीमांसेत मुरलेल्या माणसाला पूर्वपक्ष म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. एखाद्या इंग्रज पंडिताने गीतेतले अर्जुनाचे पहिल्या अध्यायातले बोलणे कृष्णाचे म्हणून छापले असते तर टिळकांनी त्याला सोडला असता का?

हे त्यांनी जाणूनबुजून केले असे मला वाटत नाही. हवे ते वचन हाती लागले आणि पुढे वाचायची गरज वाटली नाही, एवढेच झाले असावे. पण सत्याच्या प्रकरणातच हे घडावे, याने मला अस्वस्थ केले. शिवाय टिळकांच्या आयुष्यात असे आधी एकदा घडले होते, आणि त्याची किंमत त्यांनी तुरुंगात मोजली होती.

1881 च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. ‘केसरी’ची धुरा आगरकरांकडे, ‘मराठा’ची टिळकांकडे. दोघेही पंचविशीतले. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचे हाल केले जात आहेत अशा बातम्या तेव्हा येत होत्या. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर लोकांचा राग होता. बर्व्यांचा कट सिद्ध करणारी म्हणून काही पत्रे पुण्यात या तरुणांच्या हाती आली आणि त्यांच्या भरवशावर दोन्ही पत्रांनी बर्व्यांवर तोफ डागली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी जुलै 1882 मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी 101 दिवस काढले. त्याच नावाचे आगरकरांचे पुस्तक प्रसिद्ध आहे.

या प्रकरणाची कथा आपण नेहमी वीरकथा म्हणून सांगतो. सुटकेच्या दिवशी झालेला सत्कार, लोकांची सहानुभूती, दोघांनी तुरुंगात रात्र रात्र केलेल्या चर्चा. पण तिच्या मध्यभागी एक न तपासलेला कागद आहे, तो आपण अलगद ओलांडून जातो. गंमत अशी की त्यांची मूळ तक्रार खोटी नव्हती. छत्रपतींचे हाल होत होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1883 मध्ये, अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. म्हणजे बाजू खरी आणि कागद खोटा. खऱ्या बाजूचे सर्वांत मोठे नुकसान त्या खोट्या कागदानेच केले. राजाच्या हालांवर व्हायची ती चर्चा कोर्टात हस्ताक्षरांवर झाली.

तेहतीस वर्षांनी छापलेल्या प्रकरणात टिळक सत्याबद्दल किती प्रश्न विचारतात! चोराला खरे सांगावे का, रोग्याला सांगावे का, लढाईत काय, न्यायालयात काय. सगळे प्रश्न एकाच जातीचे आहेत: मला सत्य माहीत आहे, ते बोलू की नको? पण डोंगरीला जाणाऱ्या दोघांपुढे हा प्रश्नच नव्हता. त्यांना जे वाटले तेच ते बोलले. लपवले काहीच नाही. त्यांचा दोष त्याच्या आधीच्या पायरीवर होता. आपल्याला जे ठाऊक आहे असे वाटते, ते खरोखर ठाऊक आहे का? या प्रश्नाला ‘कर्मजिज्ञासे’त जागा मिळाली नाही. कौशिकाने निदान माणसे कुठे पळाली हे डोळ्यांनी पाहिले होते.

याच खटल्यात दुसरे एक नाव येते. टिळक-आगरकरांना जामीन हवा होता तेव्हा जोतीराव फुल्यांनी पुढाकार घेतला आणि त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी तो भरला. पुढे टिळकांचे आणि सत्यशोधकांचे किती बिनसले ते सर्वांना माहीत आहे. मला इथे फक्त नाव महत्त्वाचे वाटते. 1873 मध्ये जोतीरावांनी संस्था काढली तिला ‘सत्यवादी’ म्हटले नाही, ‘सत्यशोधक’ म्हटले. शोधणे हे क्रियापद त्यांनी नावातच घातले. त्यांचे स्वतःचे सगळे शोध टिकले असे नाही. आर्य-अनार्यांचा जो इतिहास त्यांनी मांडला तो आज कुणी जसाच्या तसा मांडणार नाही. तरीही सत्य हे हाती असते असे न मानता ते शोधावे लागते असे मानणे, हा फरक लहान नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सने 2002 साली या विषयावर पुस्तक लिहिले. खरेपणाचे त्याने दोन भाग केले: मनात आहे तेच बोलणे, आणि मनात जे आहे ते नीट पारखून घेणे. एक नसेल तर दुसरे पुरत नाही. त्याला दोन शब्द वापरावे लागले. मराठीत एकाच शब्दात दोन्ही आहेत, आपले लक्ष नाही एवढेच. ‘प्रामाणिक’ म्हणजे आज आपण सरळ मनाचा, न फसवणारा असे समजतो. ‘प्रामाणिक चूक’ असेही म्हणतो, आणि मूळ अर्थाने पाहिले तर तो वदतोव्याघातच आहे. कारण प्रामाणिक म्हणजे ज्याला प्रमाण आहे ते. संस्कृतात हा शब्द आधी आधाराबद्दल बोलतो, मग माणसाबद्दल. मराठीत येता येता प्रमाण गळाले आणि मन तेवढे उरले. मन साफ असले की झाले, अशी आपली समजूत त्या गळतीबरोबर पक्की झाली असावी.

आता वसईकडे येतो, म्हणजे माझ्याकडे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी एका स्थानिक मंडळाच्या स्मरणिकेत मी वसईच्या मोहिमेवर लेख लिहिला. माझा पहिलाच छापील लेख. मी कुठल्या विद्यापीठाचा नाही. वाचनालयात बसून जे जमेल ते जमवले होते. त्या लेखात चिमाजी अप्पांची एक गोष्ट मी दीड पान रंगवली. किल्ला पडल्यावर पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या घरची एक सुंदर स्त्री मराठ्यांच्या हाती लागते, सरदार तिला अप्पांपुढे आणतात, अप्पा मान खाली घालतात, तिला साडीचोळी देऊन सन्मानाने परत पाठवतात. ही गोष्ट वसईत सगळ्यांनी ऐकलेली असते. कुणाच्या तोंडी ती स्त्री अधिकाऱ्याची पत्नी असते, कुणाच्या तोंडी मुलगी, कुणाच्या तोंडी सून. मी सून पत्करली. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट ज्या साच्यातून आली त्याच साच्यातून हीही आली आहे, हे मला तेव्हा दिसले नाही असे म्हणवत नाही. दिसले होते. पण लेख वाचनीय होत होता.

प्रकाशनाच्या कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी तेच सर जवळ आले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, “भाऊ, छान लिहिलंत. ती बाई कोण होती? नाव सापडलं का?”

मी म्हटले, “नाव नाही सर, पण कागद आहे. पुण्याला.”

कागद नव्हता. मी पुण्याला तोवर एकदाही गेलो नव्हतो. ते म्हणाले, “मग कधीतरी दाखवा. मला बघायचाय.” पुढे कितीतरी वर्षे ते भेटले की विचारत, “आला का तो कागद?” त्यात टोमणा नव्हता, निदान मला तो ऐकू आला नाही. मग त्यांनी विचारणे सोडले. तोवर एका शाळेच्या स्नेहसंमेलनात त्या प्रसंगाचे नाटुकले झाले होते आणि साडीचोळीचे वाक्य माझेच होते.

खरी गोष्ट काय आहे? ती शोधायला पुण्याच्या कागदाची गरज नव्हती, ती वाचनालयातल्या पुस्तकांतच होती. मोहीम 1737 च्या वसंतात सुरू झाली आणि दोन वर्षे चालली. शेवटच्या महिन्यांत सुरुंगांनी बुरूज फुटले, खिंडारातून हल्ले झाले, ते परतवले गेले, आणि मराठ्यांची माणसे पोर्तुगीजांपेक्षा कितीतरी अधिक पडली. अखेर 16 मे 1739 रोजी किल्ल्याच्या वतीने कॅप्टन काएतानो द सौझा परेरा याने शरणागतीच्या कलमांवर सही केली. किल्ल्यातल्या सैन्याने हत्यारांसह, ढोल वाजवत, निशाणे फडकवत बाहेर पडावे. रहिवाशांनी आपली जंगम मालमत्ता घेऊन जावे. त्यासाठी आठ दिवसांची मुदत. जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळता यावा, त्यांची काही प्रार्थनास्थळे त्यांच्याकडे राहावीत. 23 मे रोजी किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला.

ही कलमे एकदा नीट वाचली की माझी सून कुठे बसते ते सांगा. लेखी कराराने, ढोल वाजवत बाहेर पडणाऱ्या लोकांतून कुणाला पकडून आणायचे आणि मग उदारपणे सोडायचे? तसे पकडणे हाच करारभंग झाला असता. माझ्या गोष्टीत अप्पांचे सरदार शब्द मोडतात आणि अप्पा तो सावरतात. कलमांनुसार पाहिले तर शब्द दिला गेला आणि लोक गेले. अप्पांचे मोठेपण वाढवायला निघालेल्या गोष्टीने ते कमीच केले.

पण सर विचारत होते ते बहुधा याहून वेगळे होते, आणि ते मला फार उशिरा कळले. माझ्या गोष्टीत वसईतल्या ख्रिस्ती माणसांना एकच जागा होती: एका बंदी बाईची, जिच्यावर दया होते. करारात त्यांची जागा वेगळी आहे. जे मागे राहिले, ज्यांचे वंशज आज गासपासून आगाशीपर्यंत शेतीवाडी करतात, त्यांच्या उपासनेचा उल्लेख त्या कागदात आहे, कलम म्हणून. मी हक्काच्या जागी मेहेरबानी लिहिली होती. आणि ती छापून झाल्यावर त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्या माणसाला ‘कागद आहे’ असे सांगितले होते. ज्या कागदात त्यांचा हक्क होता तो सोडून, नसलेला कागद दाखवायचे कबूल केले होते.

करार झाला म्हणजे सगळे शोभिवंत झाले असेही नाही. चर्चच्या घंटा गेल्या. त्यांतली एक आजही नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरावर आहे आणि नाशिककरांना तिचे कौतुक आहे. घंटा नेण्याची गोष्ट अभिमानाने आणि कलमांची गोष्ट कधीच नाही, अशी आपली निवड आहे. सुनेची गोष्ट सांगायला सोपी. तिच्यात चेहरे आहेत. कलमांना चेहरा नसतो.

ॲरिस्टॉटलने खरेपणाचा सद्गुण बढाई आणि आत्मलोप यांच्यामध्ये ठेवला आहे. त्याच्या दृष्टीने खरा माणूस तो, जो स्वतःबद्दल आहे तेवढेच बोलतो, काही पणाला लागलेले नसतानाही. माझ्यासारख्या गावोगावच्या अभ्यासकांना हे वर्णन अर्धेच लागू पडते. स्वतःबद्दल आम्ही फारसे बोलत नाही. बढाई मारतो ती गावाच्या वतीने, पूर्वजांच्या वतीने, आणि ती आपली नाही म्हणून तिला बढाई समजत नाही. राजवाड्यांनी 1924 साली ‘महिकावतीची बखर’ छापली तेव्हा तिच्यात कोणते प्रकरण कुणाचे, कोणत्या काळचे, हे वेगळे करायला केवढे कष्ट घेतले! आपल्याच किनाऱ्याची ती बखर. आम्ही तिच्यातले हवे ते वंश आणि हवे ते राजे उचलले, आणि राजवाड्यांनी वेगळे केलेले थर पुन्हा एकत्र कालवले. वैतागून कधी वाटते की उत्तर कोकणात स्मरणिका जरा कमीच निघाव्यात. पण मग माझ्यासारख्याला पहिला लेख कुठे मिळाला असता?

टिळकांकडे परत जातो. माझ्याकडच्या प्रतीत ‘पुढचे वाक्य?’ एवढेच आहे. ते टिळकांना उद्देशून आहे असेच मी कित्येक दिवस समजत होतो. सरांनी ही खूण केव्हा केली, त्या चहाआधी की नंतर, हे आता कळायचा मार्ग नाही. वयाने आणि वृत्तीने ते असे की टिळकांचा त्यांना राग नव्हता. खोक्यात ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे 101 दिवस’ही होते आणि ते अधिक हाताळलेले दिसते. दोष दाखवायचा तर ‘चूक’ असे लिहिता आले असते. त्यांनी प्रश्नचिन्ह केले. वर्गात फळ्यावरचे गणित अर्धे सोडून बसलेल्या मुलाला शिक्षक विचारतात तसे.

डोंगरीला गेलेल्या दोघांनी कागद खोटा ठरल्यावर माफी मागितली होती. शिक्षा टळेल या आशेने मागितली असे कुणी म्हणेल, पण ती चारचौघांत मागितली आणि नोंदली गेली. मी तेवढेही केले नाही. सर हयात असताना त्यांच्या अंगणात जाऊन एक वाक्य बोलायचे होते. त्याला बस बदलावी लागत नव्हती.

त्या स्मरणिकेच्या प्रती वसईतल्या काही घरांत आणि निदान एका वाचनालयात अजून असतील. ज्यांच्याकडे असेल त्यांनी माझ्या लेखातला ‘परस्त्री मातेसमान’ या उपशीर्षकाखालचा सगळा मजकूर रद्द समजावा. त्याला कोणताही कागद माझ्याकडे नव्हता आणि नाही. त्या जागी 16 मे 1739 ची कलमे वाचावीत.